कार्ब्युरेटर कितीदा साफ करणार? टाकीतला गंज आणि सुटलेलं जुनं लायनर मुळापासून काढा

गाडी सकाळी एका किकमध्ये चालू होते, आयडलिंगला छान चालते. रस्त्याला लागून पंधरा-वीस मिनिटं झाली की झटके खायला लागते, रेस दिली की दम तुटतो आणि शेवटी बंद पडते. बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा चालू होते. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले की दोन-तीनशे किलोमीटर सुखाचे जातात, आणि मग पहिले पाढे पंचावन्न. माझ्या गाडीचं हे रडगाणं जवळजवळ दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत कार्ब्युरेटर सात वेळा उघडला, दोन्ही जेट बदलले, फ्लोटची नीडल बदलली. दोष कार्ब्युरेटरमध्ये नव्हताच. तो टाकीत होता, आणि तिथून रोज थोडा थोडा खाली येत होता.

तुमचीही तक्रार अशीच असेल तर पाना हातात घेण्याआधी एक सोपी गोष्ट करा. गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. ते मोकळं करा, काम संपलं. झाकण उघडूनही फरक पडला नाही तर पुढे वाचा.

फ्लोट बाऊलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं, पेट्रोल एका पांढऱ्या बशीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाशी विटकरी रंगाची बारीक पूड बसली आणि बोटाच्या चिमटीत घासल्यावर करकरली, तर तो गंज. पेट्रोलखाली पाण्याचे गोल थेंब वेगळे दिसले, तर गंज अजून वाढतोच आहे. आणि कांद्याच्या पातीच्या सालीसारखे पातळ, वाकणारे पापुद्रे दिसले, तर ते टाकीला आतून पूर्वी कुणीतरी लावलेलं लायनर, म्हणजे पत्र्यावर ओतून चढवलेलं अस्तर. माझ्या बशीत तिन्ही होतं.

पाच मिनिटं थांबल्यावर गाडी का चालू होते, हेही त्या पापुद्र्यांनीच उलगडलं. पेट्रोल कॉकच्या जाळीकडे पेट्रोल वाहत असतं तोवर नखाएवढा एक पापुद्रा त्या प्रवाहाबरोबर जाळीवर जाऊन चिकटतो आणि पेट्रोल अडवतो. प्रवाह थांबला की तो सुटून बाजूला तरंगतो. मी टाकीत तळाशी दोन बोटं पेट्रोल ठेवून कॉकची नळी सोडली आणि टॉर्च लावून बघत बसलो. धार अर्धा मिनिट जोरात आली, मग करंगळीएवढी, मग थेंब थेंब. कॉक बंद केल्यावर पापुद्रा जाळीवरून हळूच उठताना डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर कार्ब्युरेटरला हात लावायची गरजच उरली नाही.

इंजेक्शनच्या गाडीत हीच घाण पेट्रोल पंपाच्या जाळीत अडकते. तिथे पंपाचा सगळा जोड टाकीतून बाहेर काढूनच पुढचं काम करायचं आणि बसवताना त्याचं रबरी सील नवं घालायचं. बाकी कृती तीच. ॲल्युमिनियमच्या टाकीला मात्र यातलं काहीही करू नका. ॲसिड आणि सोडा दोन्ही ॲल्युमिनियमला खातात.

गंज नेमका कुठे बसतो

टाकीच्या पोटाखालच्या बोगद्यातून फ्रेमचा पाइप जातो, त्यामुळे खालचा भाग खोगिरासारखा दोन्हीकडे उतरलेला असतो. डावीकडे एक खळगा, उजवीकडे एक. कॉक बहुतेक गाड्यांत एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूच्या खळग्यातलं पाणी कधीच बाहेर पडत नाही. अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंबाच्या रूपात जमते, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी जातं आणि तिथेच राहतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल काही प्रमाणात पाणी स्वतःत सामावून घेतं, पण १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी साधारण अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तोच थर तळाला बसतो. म्हणून झाकणातून दिसणारा वरचा पत्रा चकचकीत असला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. वायरच्या टोकाचा छोटा कॅमेरा मिळाला तर उत्तम. नाहीतर बारीक टॉर्च आत सोडून, झाकणाच्या तोंडाशी मोबाइल धरून फोटो काढा आणि ते मोठे करून बघा. कॉक नसलेली बाजू आधी बघा.

लायनर आधी, गंज नंतर

हा क्रम उलटा केल्यामुळे माझा पहिला प्रयत्न पूर्ण वाया गेला. मी सरळ ॲसिड भरलं. उघड्या पत्र्यावरचा गंज गेला, पण लायनरच्या खालचा जसाच्या तसा राहिला, कारण ॲसिड तिथे पोहोचलंच नाही. लायनरची एक कड उचलली गेली की पेट्रोल आणि पाणी त्याच्या मागे शिरतं, लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी कोंडून बसतं आणि गंज झाकणाखाली वाढत राहतो. बहुतेकदा लायनर मुळात गंजावर, तेलकट किंवा ओलसर पत्र्यावर ओतलेलं असतं. ते पत्र्याला धरलेलंच नसतं, गंजाच्या पुडीला धरलेलं असतं. अशा लायनरवर नवं लायनर ओतणं म्हणजे सुटलेल्या पोपड्यांवर रंग देणं.

एक अपवाद आहे. लायनर सगळीकडे घट्ट बसलंय, कुठे फुगलेलं नाही, बशीत एकही पापुद्रा नाही, तर त्याला हात लावू नका. पण एके ठिकाणी सुटलं असेल तर सगळंच काढा. अर्धं ठेवलेलं लायनर पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा इथेच आणतं.

लायनर कशाचं आहे हे आधी ओळखा. बाहेर आलेला एक पापुद्रा काचेच्या बरणीत थोड्या ॲसिटोनमध्ये टाका, झाकण लावा आणि तासाभराने बघा. विरघळून चिकट रस झाला किंवा रबरासारखा फुगून सुरकुतला, तर काम सोपं. काहीच झालं नाही तर ते दोन भाग मिसळून लावायचं कडक इपॉक्सी आहे. त्याला एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल किटोन, जास्त लागू पडतं, तरी वेळ घेतं. रंग काढायच्या काही द्रवांत मिथिलीन क्लोराइड असतं. ते इपॉक्सीला झटकन उचलतं, पण मी ते घरी वापरायला सांगणार नाही. त्याची वाफ श्वासातून गेली की शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि बंद जागेत त्याने काम करताना माणसं दगावली आहेत. इपॉक्सी ॲसिटोनने आणि एमईकेने हटत नसेल तर टाकी हे काम करणाऱ्या माणसाकडे द्या.

आता आगीबद्दल. हे वाचून पुढे जाऊ नका, दोनदा वाचा. रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ती पेट घेते, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत नेमकं तेवढं मिश्रण सहज सापडतं. ॲसिटोन उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं. दोन्ही वाफा हवेपेक्षा जड, त्यामुळे त्या जमिनीलगत पसरत लांब जातात. काम उघड्यावर करा. जवळ देवघरातला दिवा, गॅस, ग्राइंडर, ड्रिल, चालू-बंद होणारा फ्रीज, विडी-सिगारेट काहीही नको. साधे निळे नायट्राइल हातमोजे ॲसिटोनपुढे फार वेळ टिकत नाहीत, ब्यूटाइल रबराचे घ्या. चष्मा लावा.

टाकी उतरवा, कॉक, झाकण, पेट्रोल दाखवणारा फ्लोट सगळं काढा. कॉकच्या भोकावर रबराचा तुकडा आणि त्यावर सपाट पट्टी कसून बसवा. बाहेरचा रंग वाचवायचा असेल तर टाकी जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि झाकणाच्या तोंडाभोवती टेप अशी लावा की ओघळ रंगावर यायला वाटच राहू नये. ॲसिटोनचा एक ओघळ रंगावर पडला की तिथला रंग गेलाच म्हणून समजा. माझ्या टाकीच्या डाव्या खांद्यावर तसा रुपयाएवढा डाग पडला, कारण टेपची एक सुरकुती मी तशीच सोडली होती.

दीड-दोन लिटर ॲसिटोन ओता, तोंड बंद करा आणि दर दोन-तीन तासांनी टाकी वेगळ्या कुशीवर ठेवा. मध्येमध्ये झाकण किलकिलं करून आतला दाब सोडा. दुसऱ्या दिवशी लायनर ओल्या कागदासारखं सुरकुतलेलं दिसेल. ते ओतून बाहेर येत नाही, ओढून काढावं लागतं. वाकवलेली तांब्याची तार किंवा लांब चिमटा आत घालून कडेला धरा आणि सावकाश ओढा. माझ्या टाकीतून तळहाताएवढा एक तुकडा सलग निघाला. त्याची वरची बाजू पिवळट, गुळगुळीत होती आणि पत्र्याकडची बाजू अख्खी विटकरी, हात लावला की पूड. दोन वर्षांचा सगळा त्रास त्या एका तुकड्याच्या पाठीवर लिहिलेला होता. जुना ॲसिटोन गाळून डब्यात घ्या, ताजा ओता आणि पुन्हा तेच. मला तीन फेऱ्या लागल्या. वापरलेला ॲसिटोन गटारात ओतू नका. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

मग टाकी उघड्यावर ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत. त्यानंतर गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून दोन-तीनदा खळबळून धुवा. जुन्या पेट्रोलचा चिकट थर राहिला तर ॲसिड त्याच्यावरच अडतं.

खपल्या जाड असतील तर याच वेळी साबणाच्या पाण्यासह आत काहीतरी टाकून टाकी हलवायची असते. लोक नट टाकतात, मीही टाकले, मोजून ६०. बाहेर आले ५९. शेवटचा नट बोगद्याच्या मागच्या सांध्यात अडकला होता आणि तो काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून मी मीटरभर बारीक साखळी वापरतो, तिच्या टोकाला तार बांधून ती बाहेर ठेवतो. ती एका ओढीत बाहेर येते. हे घासकाम पाण्यातच करा. ॲसिटोन किंवा पेट्रोल आत असताना लोखंडावर लोखंड घासायचं नाही.

ॲसिड कोणतं

माझं मत स्पष्ट आहे: सायट्रिक ॲसिड. लिटरला ६० ते ८० ग्रॅम, म्हणजे १२ लिटरच्या टाकीला साधारण ८५० ग्रॅम. गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नव्या गंजाचा पट्टा उमटतो. १२ ते २४ तास ठेवा, तोंड घट्ट बंद करू नका. गंज संपून उघडा पत्रा लागला की बारीक बुडबुडे येतात, तो हायड्रोजन असतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. पाणी आधी पिवळं, मग हिरवट-काळं होतं. बुडबुडे वाढले आणि टॉर्चच्या उजेडात पत्रा राखाडी दिसला की थांबवा. जास्त वेळ ठेवून जास्त चांगलं होत नाही, पत्रा झिजायला लागतो. पत्र्याला आतून मूळचा जस्ताचा मुलामा असेल तर ॲसिड तोही काढतं, त्यामुळे वरवरच्या, हाताला न लागणाऱ्या गंजासाठी एवढं करू नका. तिथे साखळी आणि साबण पुरतात.

व्हिनेगरनेही जमतं, फक्त दिवस जास्त लागतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडपासून मात्र लांब राहा. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि त्याची वाफ आजूबाजूच्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर गंज चढवते. एका ओळखीच्या माणसाची टाकी मी पाहिली आहे, गंज तासाभरात गेला आणि त्याबरोबर खालच्या शिवणीचा पत्राही इतका पातळ झाला की बोटाने दबत होता.

दुसरा चांगला मार्ग विजेचा. टाकीत पाणी आणि दर ४ लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, झाकणाच्या तोंडातून रबरी बुचात बसवलेली साधी लोखंडी सळी, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. धन टोक सळीला, ऋण टोक टाकीच्या उघड्या पत्र्याला. हे उलटं झालं तर सळीऐवजी टाकी खाल्ली जाते, म्हणून चालू करण्याआधी दोनदा बघा. सळी टाकीला आतून कुठेही टेकता कामा नये. स्टेनलेस स्टीलची सळी वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. टाकी पेट्रोलच्या वासापासून पूर्ण मुक्त हवी, हायड्रोजन निघतो म्हणून काम उघड्यावर हवं, आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करायचा, ठिणगी नको. या पद्धतीत चांगला पत्रा झिजत नाही, हा मोठा फायदा. पण सळीच्या समोर येणाऱ्या भागावरच तिचा जोर चालतो. बोगद्याच्या आडोशाचे कोपरे मागे राहतात, तिथे सळी वाकवून पुन्हा लावावी लागते.

सगळ्यात घाईचा अर्धा तास

ॲसिड ओतून दिल्यावर आतला पत्रा सुंदर राखाडी दिसतो. तसाच सोडून चहा घेऊन या, तोवर त्यावर नारिंगी झाक आलेली असते. धुतलेला उघडा पत्रा मिनिटांत गंजतो. म्हणून पुढच्या सगळ्या वस्तू ॲसिड ओतण्याआधी हाताशी मांडून ठेवा.

पाण्याने एकदा खळबळा. मग लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी भरून हलवा. राहिलेल्या ॲसिडमुळे फेस येईल, तोंड बंद ठेवू नका. पुन्हा साध्या पाण्याने धुवा, जमल्यास अगदी कढत, म्हणजे पत्रा तापतो आणि पाणी स्वतःच उडून जायला मदत होते. आता वाळवणं, आणि इथे दोन वाटा आहेत. एक तर अर्धा लिटर स्पिरिट आत फिरवून ओतून द्या, ते उरलेलं पाणी सोबत घेऊन जातं, आणि टाकी तोंड खाली करून उन्हात ठेवा. नाहीतर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा तासभर आत सोडा. दोन्ही एकत्र कधीच करू नका. त्या यंत्राची तापलेली तार आणि स्पिरिटची वाफ यांची गाठ पडली तर टाकी तुमच्या मांडीवर पेटेल.

नवं लायनर लावणार नसाल तर वाळल्याबरोबर पाव लिटर पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल घालून ते सगळ्या बाजूंनी फिरवा, ओतून द्या आणि त्याच दिवशी टाकी पेट्रोलने काठापर्यंत भरा. लायनर लावणार असाल तर तेलाचा थेंबही आत जाऊ देऊ नका.

नवं लायनर लावायचं का

बहुतेक टाक्यांना लागत नाही. स्वच्छ, कोरडी आणि भरलेली टाकी लायनरशिवाय वर्षानुवर्षं नीट राहते. लायनर लागतं ते भोकं असतील तेव्हा. गंज निघाला की त्याने बुजवून ठेवलेली सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. बाहेरून साबणाचा फेस लावा, कॉकच्या नळीतून तोंडाने हलकी फुंक मारा आणि खालच्या शिवणीवर बुडबुडे शोधा. कॉम्प्रेसरची हवा लावू नका, थोड्या दाबानेही टाकीच्या बाजू फुगून कायमच्या बाहेर येतात. एक-दोन बारीक भोकं असतील तर चांगलं दोन भागांचं इपॉक्सी लायनर ती सांभाळतं. पत्रा बोटाने दबत असेल तर लायनर म्हणजे सडक्या भिंतीला गिलावा. तिथे पत्राच बदलायला हवा, आणि पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग किंवा डाग देण्याचं काम घरी नाही.

लावणारच असाल तर दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या. बऱ्याच टाक्यांत झाकणाजवळचं पावसाचं पाणी खाली सोडणारी किंवा हवेची बारीक नळी टाकीच्या आतून जाते. तिचं तोंड आधी बुजवलं नाही तर लायनर ते कायमचं बंद करतं. जाड नायलॉनचा दोरा तिच्यात घालून ठेवा आणि लायनर बसायला लागलं की ओढून काढा. कॉकच्या आट्यांना ग्रीस लावा. दुसरं, जास्तीचं लायनर पूर्ण निथळू द्या. तळाला साचलेला जाड थर आतून नीट वाळत नाही आणि सोलायची सुरुवात तिथूनच होते. मग डब्यावर लिहिले असतील तेवढे दिवस थांबा. वास गेला म्हणजे वाळलं, असं नाही.

टाकी बसवताना कॉकची जाळी नवी घाला आणि पेट्रोलच्या नळीत पारदर्शक फिल्टर लावा. पेट्रोल फक्त उतारानं वाहणाऱ्या गाडीत फिल्टर कमी अडथळ्याचा, मोठ्या जाळीचा घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा बारीक कागदी फिल्टर तिथे लावला तर पेट्रोल पुन्हा अडतं आणि टाकीत दोष राहिलाय असं वाटत राहतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर फ्लोट बाऊलचा स्क्रू सोडून पेट्रोल त्याच पांढऱ्या बशीत काढा. थोडी काळी पूड दिसेल, ती ॲसिडनंतर उरलेली. २०० किलोमीटरला पुन्हा बघा. माझ्या बशीत तेव्हा मोहरीच्या दाण्याएवढा एकच पापुद्रा होता, आणि हजार किलोमीटरला बशी कोरी निघाली.